जन्नतचा सकाळचा थेंब

जन्नतचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. बांग अजून व्हायची असायची. उठल्यावर पहिलं काम चूल नाही, पाणी नाही. पहिलं काम डोळ्यात औषध. खाटेवर उताणी पडून ती उजव्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढायची, बाटली उलटी धरायची आणि एक थेंब सोडायची. मग नाकाच्या कोपऱ्याशी बोट दाबून थोडा वेळ तशीच पडून राहायची. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तसं शिकवलं होतं, म्हणजे औषध डोळ्यात मुरतं, घशात उतरत नाही. तरी थोडी कडवट चव जिभेच्या मुळाशी यायचीच. त्यावर ती काही खायची नाही. वजू करून नमाज, मग चहा, मग मिरकरवाड्याच्या जेट्टीवर जाळी शिवायला.

डावा डोळा तेव्हा गेलेला होता. उजवा शाबूत होता. ही गोष्ट त्या उजव्या डोळ्याची आहे.

तिचा नवरा अक्रम तांडेल होता. होडी कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं हे तांडेल ठरवतो. अक्रम शहाण्णव साली जयगडच्या समोर होडीवरच छातीत कळ येऊन गेला. होडी जयगडला लावली आणि तिथल्याच कब्रस्तानात त्याला मूठमाती दिली. मागे जन्नत आणि शाळेत जाणारी उझमा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा अक्रम घरी जाळी शिवायचा, आणि जन्नत शेजारी बसून शिकली होती. इद्दतचे, नवरा गेल्यावर घरात बसायचे दिवस संपले तशी ती जेट्टीवर आली आणि मजीदसमोर उभी राहिली. मजीदच्या तेव्हा दोन होड्या होत्या.

"काम हाय?"

"कोळंबी निवडायला बायका बसल्यात तिकडं. बस त्यांच्यात."

"कोळंबी नको. जाळं दे."

आम्ही चार-पाच जण जाळ्यावर बसलो होतो. सगळे हसलो. मजीद म्हणाला, "भाभी, हे काय गोधडी शिवणं हाय?"

"गोधडी मला येत नाय," जन्नत म्हणाली. "फाटलेलं दे एक. संध्याकाळी बघ. नाय पटलं तर पैसे नको."

तिला मुद्दाम वाईट जाळं दिलं. खडकावर अडकून फाटलेलं, माणूस आत जाईल एवढं भगदाड. मी समोरच बसलो होतो. माझे गुडघे गेले म्हणून मी होडी सोडून जाळ्यावर बसलेला, त्यामुळे कोण कसं काम करतो ते बघायची सवय. नवशिका काय करतो, फाटक्या कडा एकमेकांना जोडत सुटतो. मग जाळं एका जागी गोळा होतं, पाण्यात नीट उघडत नाही, आणि मासळी त्या सुरकुतीतून निघून जाते. जन्नतने आधी कात्री घेतली. फाटलेले आस, म्हणजे जाळ्यातली भोकं, एकेक मोजून कापले, भगदाड आणखी मोठं केलं, चौकोन सरळ केला. मगच सुई भरली. आम्ही हसायचे थांबलो. संध्याकाळी मजीदने ते जाळं हाताने ताणून पाहिलं, गाठी चाचपल्या, आणि दुसऱ्या दिवशीचं जाळं तिच्यासमोर टाकलं. मजीदचं कौतुक असंच असतं.

ती गाठ मारताना दोरा दोनदा ओढायची. आम्ही एकदा ओढायचो. दिवसभरात हजार गाठी असतील तर तो दुसरा हिसका म्हणजे केवढी मेहनत, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. पण तिने शिवलेली जागा परत फाटलेली मी पाहिली नाही. फाटायचं ते शेजारी.

नव्याण्णव साली डाव्या डोळ्याचं कळलं. तेही गंमतीत. चहावाल्या पोऱ्याने डाव्या बाजूने कप पुढे केला, हिने घेतलाच नाही. तो बिचारा कप धरून उभा. मजीद ओरडला, "अगो, मालकाचा चहा नको झाला काय?" ती दचकून वळली आणि कप तिच्या कोपराने उडाला. सगळे हसले. ती हसली नाही. तिने उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि समुद्राकडे तोंड करून बसली. बराच वेळ. मग माझ्याकडे वळली.

"विठूदादा, या डोळ्याने मला तुझी नुसती कड दिसते."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. जन्नतने आम्हाला तो तिच्या शब्दात समजावला. डोळ्यात पाणी बनत राहतं आणि बारीक मोरीतून निघून जातं. मोरी तुंबली की पाणी आत साठतं, दाब वाढतो, आणि मागची शीर चेपून मरते. दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही. आहे ती राखायची. त्यासाठी थेंब, सकाळी एक, संध्याकाळी एक, मरेपर्यंत. आणि मान खाली घालून तासन्‌तास बसायचं नाही.

जाळी शिवणारा माणूस मान खाली घालूनच बसतो. जाळं मांडीवर, डोकं जाळ्यात. मग आम्ही शेडमध्ये दोन खांबांना आडवा बांबू बांधला. जाळं त्यावर टाकायचं, फाटकी जागा डोळ्यासमोर आणायची आणि उभं राहून शिवायचं. हात वर धरून दिवसभर शिवणं हे बसून शिवण्याच्या दुप्पट कष्टाचं. पहिले आठ दिवस तिचे खांदे उचलत नव्हते. रस्त्याने जाणारे खलाशी विचारायचे, "काय भाभी, कपडे वाळत घातले काय?" ती म्हणायची, "होय, तुझी लुंगी पण आण. फाटलेली दिसते." काही दिवसांनी बोलणारे थकले. ती थकली नाही.

नमाजाचं तिने डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं होतं. सजद्यात डोकं टेकतं, चालेल का? त्या म्हणाल्या, तेवढ्याने काही होत नाही. जन्नतला त्याचं बरं वाटलं.

रमजानचा प्रश्न तिने स्वतः सोडवला. तिची सासू कडक होती. सासूचा नियम असा, की ज्याची चव घशात उतरली त्याने रोजा मोडला. मग ते पाणी असो की औषध. सासू वारली, नियम राहिला. जन्नत डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मी पहाटे सेहरीच्या आधी एक घालीन आणि रोजा सोडल्यावर एक. मध्ये नाय."

त्या म्हणाल्या, "दोनदा पडलं पाहिजे, दोन्हींत अंतर सारखं पाहिजे. एवढं झालं तर मला चालेल."

"अंतर सारखंच येतं."

"मग घाला."

झालं. चार वर्षं हे असं चाललं. दर तीन-चार महिन्यांनी ती दाब मोजून यायची. डॉक्टरीणबाई शाबास म्हणायच्या, आणि ती ते शाबास आम्हाला सांगायची, पण हळू, कुणाची नजर लागू नये असं. उझमा कॉलेजात गेली. जन्नतने थोडं थोडं बाजूला ठेवायला सुरुवात केली. तिला जयगडला अक्रमच्या कबरीभोवती चिऱ्यांचा कठडा घालायचा होता. तिथे उतार आहे, पावसात माती वाहते. दरवर्षी ती जायची आणि हाताने माती वर ओढून यायची.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात तिला अंगावर जायला लागलं. जायला लागलं म्हणजे थांबेचना. चेहरा पांढरा पडला. बांबूपाशी उभी राहिली की खांब धरायची. बायकांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गर्भाशयात गाठी आहेत, पिशवी काढावी लागेल. त्याचे दोन प्रकार. पोट कापून केलं तर तीन महिने काम बंद. दुर्बिणीतून केलं तर तीन भोकं, आणि महिन्या-सव्वा महिन्यात उभी राहशील.

तो जूनचा महिना होता. होड्या वर ओढलेल्या होत्या, नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात जाणार. मजीदने तिसरी होडी घेतली होती आणि तिची सगळी जाळी जन्नतच्या अंगावर टाकली होती. तीन महिने बसली असती तर ते काम दुसऱ्या टोळीला गेलं असतं, आणि एकदा टोळी शेडमध्ये बसली की उठत नाही. जन्नत म्हणाली, दुर्बिणीतून.

दवाखान्याने घरचं कुणी मोठं माणूस बोलावलं. तिचा भाऊ कुवेतला. मग उझमा आणि मी गेलो. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. गावातल्या तीन-चार दवाखान्यांत हेच भूल द्यायला जायचे. स्कूटरच्या हँडलला कायम पिशवी लटकवलेली. माणूस घाईचा, पण त्या दिवशी त्यांनी घाई केली नाही.

"डोळ्यांच्या डॉक्टरांशी मी फोनवर बोललोय," ते म्हणाले. "आता नीट ऐका. या ऑपरेशनात टेबल तिरकं करतात. डोकं खाली, पाय वर. म्हणजे आतडी छातीकडे सरकतात आणि सर्जनना खाली जागा मिळते. दीड-दोन तास तसंच. पोटात हवाही भरतात. या सगळ्याने रक्त डोक्याकडे येतं आणि डोळ्यातला दाब चढतो. चांगल्या डोळ्याला काही होत नाही. तुमचा डोळा चांगला नाही."

मला ते लगेच कळलं. होडीच्या पंख्यात जाळं अडकलं की खलाशाचे पाय दुसऱ्याने धरायचे आणि त्याने उलटं लटकून सुरीने जाळं कापायचं. मी ते पुष्कळदा केलंय. वर आल्यावर डोळे बाहेर पडतील असं वाटतं. ते पाच मिनिटांचं काम. इथे दोन तास.

जन्नत म्हणाली, "डॉक्टर, चार वर्षं मी मान खाली घातली नाय. उभं राहून जाळी शिवली. आणि तुम्ही मला उलटी टांगणार?"

"टांगणार, पण बंदोबस्त करून. सकाळी तुमचा नेहमीचा थेंब घालायचा. बाटली सोबत आणायची, आमच्याकडे ते औषध नसतं. टेबल तिरकं करण्याआधी मी आणखी एक थेंब घालीन. दाब चढायचा तो चढेल, पण औषध आत असलं की हाताबाहेर जात नाही. वेळ लांबला तर मधे टेबल सरळ करायला लावीन. लागलं तर शिरेतूनही औषध आहे. मी उशाशीच असतो."

"तुम्हीच असाल ना?"

"मीच असेन."

मग ते उठता उठता म्हणाले, "आणि रात्री दहानंतर पोटात काही जाऊ द्यायचं नाही. भूल दिल्यावर उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते, जिवावर बेततं. हा नियम सगळ्यात कडक."

जन्नत मान डोलवत होती. आम्ही बाहेर आलो. रस्त्यात ती गप्प होती. मी समजलो भीती वाटत असेल.

ऑपरेशन जुलैत होतं. त्याआधीच्या आठवड्यात तिने नव्या होडीचं मोठं जाळं पुरं केलं आणि दुसरं अर्ध्यापर्यंत आणलं. खांब धरून, बसत-उठत. मी म्हटलं, "अगो, ठेव आता." ती म्हणाली, "हातातली ओळ संपवते." ओळ संपवून सुई बांबूला बांधून ठेवली, म्हणजे परत आल्यावर शोधायला नको.

पुढचं मला उझमाने सांगितलं, आणि नंतर जन्नतने. दोघींचं सांगणं सारखंच आहे.

आदल्या संध्याकाळी दवाखान्यात भरती केलं. तिने मगरिबच्या, दिवस मावळतीच्या नमाजानंतर थेंब घातला, पेज घेतली. पहाटे पाचला नेहमीसारखी जाग आली. उझमा खाली चटईवर होती. तिने पिशवीतून बाटली काढून दिली.

"अम्मी, थेंब."

जन्नतने बाटली हातात घेतली. घातला नाही.

"काय झालं?"

"घशात उतरतं गो ते."

"मग?"

"रात्रीपासून काही जाऊ द्यायचं नाय म्हणालेत. सगळ्यात कडक नियम म्हणाले, ऐकलंस ना? जिवावर बेततं म्हणाले."

"पण थेंब घालायचा पण म्हणाले."

"म्हणाले. त्यांना काय ठाऊक याची चव घशात येते ती? त्यांनी कुठं घालून बघितलाय? ते येतील आठला, त्यांना विचारते. घाला म्हणाले की त्यांच्यासमोर घालते. तीन तासांनी काय होतंय."

उझमा त्याच घरात वाढलेली. चव घशात उतरली की उपास गेला, हे तिला दुधाबरोबर मिळालेलं. तिला आईचं म्हणणं बरोबर वाटलं. तिच्या जागी त्या घरातल्या कुणालाही वाटलं असतं. दोन हुकूम एकमेकांशी जुळत नव्हते. जन्नतने त्यातला कडक पाळला, आणि दुसऱ्यासाठी बाटली मुठीत धरून वाट बघत बसली.

आठ वाजता एक अडलेली बाळंतीण आली. तिचं आधी करावं लागलं, त्याला इलाज नव्हता. भूल देणारे डॉक्टर आले ते सरळ आत गेले. बाहेर आले तेव्हा दुसऱ्या दवाखान्याचा फोन वाजत होता. महामार्गावर जीप उलटली होती, दोन पोरं. ते जिन्यावरून उतरताना उझमाने त्यांना पाहिलं. ती उठली, पण ते निघून गेले होते. मी दहाच्या सुमाराला चहाचा थर्मास घेऊन गेलो. उझमाने चहा घेतला नाही. आईसमोर कशी घेऊ म्हणाली. जन्नत खाटेवर बसली होती. ओठ सुकलेले. मी विचारलं, "भूक लागली?" ती म्हणाली, "तीस रोजे ठेवणारीला काय विचारतोस." मूठ मांडीवर होती. मुठीत काय ते मला दिसलं नाही.

दुपारी दुसरे भूल देणारे डॉक्टर आले. बाहेरगावाहून बोलावलेले, तरुण. सर्जन खोळंबले होते. एकदम धावपळ सुरू झाली. त्यांनी जन्नतची छाती तपासली, तोंड उघडून पाहिलं, विचारलं, "पोटात काही गेलंय?"

"काही नाय."

"कधीपासून?"

"रात्रीपासून."

"छान."

ती त्यांना विचारणार होती. तोंड उघडलं होतं म्हणाली. तेवढ्यात ते हात धुवायला गेले. तिला वाटलं, हे डॉक्टर त्या डॉक्टरांकडून समजून आले असतील. आपल्याकडे एक तांडेल उतरला आणि दुसरा चढला तर पहिला त्याला खडक कुठे, पाणी किती, सगळं सांगूनच उतरतो. तिने तोच हिशेब लावला. दारापाशी आयाबाईने तिच्या बांगड्या काढून घेतल्या. आत काही न्यायचं नाही. "हातात काय आहे?" म्हणून मूठ उघडली आणि बांगड्यांबरोबर ती बाटलीही उझमाच्या ओंजळीत आणून दिली.

दीड-दोन तासांचं काम तीन तासांवर गेलं. गाठी चिकटलेल्या होत्या. सर्जननी काम चांगलं केलं, ते मी नाकारत नाही. पिशवी निघाली, रक्त थांबलं.

संध्याकाळी तिला बाहेर आणलं. तोंड सुजून ओळखू येत नव्हतं, पापण्या फुगलेल्या. नर्स म्हणाली, असं होतं, उतरेल. थोडी शुद्धीवर आली तेव्हा जन्नत हात चेहऱ्याकडे नेऊ लागली.

"पट्टी काढ गो."

उझमाने माझ्याकडे पाहिलं.

"कुठली पट्टी, अम्मी?"

"डोळ्यावरची."

पट्टी नव्हती.

नर्स म्हणाली भुलेचा अंमल आहे. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पहिले डॉक्टर आले होते, रेनकोट अंगावरच. त्यांनी नाडी नाही बघितली, आधी उझमाला विचारलं, "सकाळी थेंब घातला होता ना?"

उझमाने ओंजळ पुढे केली. दुपारपासून तिने बांगड्या आणि बाटली खाली ठेवली नव्हती. मानेने नाही म्हणाली.

त्यांनी बाटली घेतली, तिथेच थेंब घातला, नर्सला शिरेतून लावायची बाटली आणायला पिटाळलं, उशी उंच केली आणि डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मग स्टुलावर बसले. रेनकोटचं पाणी फरशीवर गळत होतं. एकदाच म्हणाले, "मी विचारलं असतं." कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

डॉक्टरीणबाई आल्या. दाब भयंकर चढलेला होता. औषधांनी तो दुसऱ्या दिवशी उतरला. नजर उतरलेल्या दाबाबरोबर परत येत नाही. चेपलेली शीर जगत नाही. हे जन्नतला चार वर्षांपूर्वीच सांगून झालं होतं, त्यामुळे नव्याने सांगावं लागलं नाही. तिने फक्त एक विचारलं.

"मी उपास पाळला ते चुकलं काय?"

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला. "डोळ्यातलं औषध उपासात धरत नाहीत हो. तुम्हाला हे कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतं. घाला म्हणून सांगितलं होतं. मी विचारणार होते त्यांना." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "मी विचारणार होते."

उझमा बाहेर गेली. मी तिच्या मागे गेलो नाही. अशा वेळी माणसाला भिंत लागते, माणूस लागत नाही.

नारळी पौर्णिमेनंतर ती जेट्टीवर आली. उझमाचा खांदा धरून. आम्ही सगळे उभे राहिलो. तिला ते दिसलं नाही, पण कळलं असावं, कारण म्हणाली, "बसा रे. काम करा." बांबूपाशी गेली, चाचपत सुई सोडवली. अर्धं जाळं तसंच होतं.

लोकांना वाटतं आंधळ्या माणसाला हाताने जाळं विणता येतं. येतं. नवीन जाळं विणता येतं. तिने तिथे उभ्या उभ्या एक ओळ घातली, एकही आस लहान-मोठा नाही, प्रत्येक गाठीला दुसरा हिसका. पण नवीन जाळं आता कुणी हाताने विणत नाही, ते कारखान्यातून येतं. आमचं काम फाटलेल्याचं. कुठवर फाटलंय, कुठला आस धड आहे, कुठून कापायचं, हे डोळ्याने बघावं लागतं. तिने बोटांनी फाटकी कड शोधली, कात्री लावली आणि धड आस कापला. बोटांना लगेच कळलं. कात्री खाली ठेवली.

"कापला ना मी?"

मी खोटं बोलू शकलो असतो. कामाच्या बाबतीत तिच्याशी कुणी कधी खोटं बोललं नव्हतं.

"होय," मी म्हटलं. "कापलास."

तिने सुईवरचा दोरा नीट गुंडाळला आणि सुई माझ्या हातात दिली. कापलेला आस मी शिवून घेतला.

मजीद आला. त्याने पाकीट पुढे केलं. "भाभी, दोन्ही जाळ्यांचे."

"दुसरं अर्धं हाय."

"असू दे गो."

"असू दे काय? उरलेलं अर्धं जो शिवेल त्याला दे." तिने उझमाला पाकीट उघडायला लावलं आणि अर्ध्या जाळ्याचे पैसे परत करायला लावले. मजीद समुद्राकडे बघत उभा राहिला. मग ओरडला, "काय रे, बघत काय बसलात, जाळी चढवा!" आवाज फाटला त्याचा. आम्ही जाळी चढवली.

रमजान त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला आला. त्याआधी उझमाने मशिदीतल्या मौलवीसाहेबांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, डोळ्यातल्या औषधाने रोजा तुटत नाही, आमच्याकडे तरी असंच मानतात. लोक आम्हाला विचारत नाहीत. उझमाने घरी येऊन सांगितलं. मी ओट्यावर बसलो होतो. जन्नत भिंतीला टेकून होती.

"सासूनेपण कुणाला विचारलं नसेल," एवढंच म्हणाली.

उझमाने कॉलेज सोडलं. कोळंबीच्या कंपनीत जाते. पहाटे उठून आईला थेंब घालते आणि मग जाते. दाब पुन्हा चढला तर उरलंय तेही जाईल, डोळा दुखायला लागेल, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. उरलंय म्हणजे दारातून उजेड येतोय की नाही, एवढं. खाटेवर उताणी पडून जन्नत अजून नाकाच्या कोपऱ्याशी बोट दाबून धरते. मग उठून दाराकडे तोंड करून बसते. उजेड आला की सांगते, "उजाडलं गो."

त्या शेवटच्या मजुरीतून आणि साठवलेल्यातून औषधाच्या बाटल्या येतात. जयगडला कठडा नाही. पावसानंतर मी जाऊन माती वर ओढून येतो.